काम तेच, शिफ्ट तीच, मग बेसिक पगार पासपोर्ट बघून का?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून): "ताई, मी तासगाव तालुक्यातला. सांगलीत आयटीआय केला रेफ्रिजरेशन-एसी ट्रेडचा, थोडे दिवस कुपवाड एमआयडीसीत काढले आणि आता चार वर्षं झाली शारजात एका मेंटेनन्स कंपनीत एसी टेक्निशियन आहे. मागच्या महिन्यात साहेबानं ड्युटी चार्ट करायला कॉम्प्युटरवर बसवलं तर सॅलरी शीट उघडीच होती. पोस्ट एकच, शिफ्ट एकच, पण बेसिक फिलिपिनोला १८००, इंडियनला १२०० आणि नेपाळी, बांगलादेशी पोरांना ९०० दिरहम. एचआरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या हा मार्केट रेट आहे, प्रत्येक देशाचा वेगळा असतो. आता मला फोरमन करणार आहेत आणि पहिलंच काम दिलंय नवीन पोरं घ्यायचं, नेपाळी ९०० नं आणि इंडियन १२०० नं. माझ्या चुलतभावाला पण त्यात घ्यायचं चाललंय, तो आठवीपर्यंत शिकलाय. घरी पतसंस्थेचं कर्ज आहे. बायको म्हणते तुम्हाला वर चढवतायत तर गप्प बसा की. तक्रार करू, सोडून येऊ, का गप्प बसू?"

भावा,

मार्केट रेट म्हटल्यावर तू पुढं काही बोलला नाहीस असं पत्रावरनं दिसतंय, म्हणून आधी हा रेट येतो कुठनं ते सांगते. कंपनी बघते की या देशातला माणूस कमीत कमी कितीला घर सोडून यायला तयार होतो, आणि त्याच्या मागं त्याचं सरकार किती उभं आहे. फिलिपिन्सनं २००६ मध्ये ठरवलं की आमच्या घरकामाच्या बायका महिन्याला ४०० डॉलरच्या खाली कुणी न्यायच्या नाहीत, त्याआधी २०० होते. आपलं सरकारही काही कामांसाठी देशवार किमान पगार ठरवून देतं, पण २०२० च्या सप्टेंबरात कोविडमध्ये आपल्या लोकांच्या नोकऱ्या दुसऱ्या देशांकडं जाऊ नयेत म्हणून गल्फसाठीचा तो आकडाच खाली आणला, २०० ते ३०० डॉलरवर, आणि कामगारांसाठी काम करणाऱ्यांनी ओरड केल्यावर २०२१ मध्ये तो निर्णय मागं घेतला. नेपाळनं २०१५ मध्ये नियम केला की गल्फला जाणाऱ्याच्या व्हिसाचा आणि तिकिटाचा खर्च मालकानं करायचा, तरी तिथली पोरं अजून सावकाराचं व्याज डोक्यावर घेऊनच विमानात बसतात, आणि व्याज चढत असलेला माणूस ९०० ला नाही म्हणू शकत नाही हे कंपनीला चांगलं माहीत असतं. म्हणजे या आकड्यांत कर्ज आहे, सरकारांची ताकद आहे, गरज आहे. कॉम्प्रेसर कोण किती नीट दुरुस्त करतो हे त्यात कुठंच नाही. विटा-खानापूरकडची गलाईवाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं गाळत फिरली, तिथं समोर आलेल्या सोन्याचा कस बघतात, ते कुठल्या गावातनं आलं ते बघत नाहीत, एवढी साधी गोष्ट आहे ही आणि एवढीच गोष्ट तुझ्या कंपनीत होत नाहीये.

आणि हे तिथल्या कायद्यातही बसत नाही. यूएईचा नवा कामगार कायदा आहे, २०२१ चा ३३ नंबरचा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालाय. त्याच्या कलम ४ मध्ये वंश, रंग, लिंग, धर्म, राष्ट्रीय मूळ, सामाजिक मूळ आणि अपंगत्व यावरनं भेदभाव करायला मनाई आहे, आणि पुढं असंही लिहिलंय की एकाच प्रकारची कामं करणाऱ्यांत मालकानं भेद करायचा नाही. हे वाक्य तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे, नीट लक्षात ठेव. पण खोटी आशा लावणार नाही तुला, कायद्यात ओळ असणं वेगळं आणि तिच्या जोरावर १२०० चे १८०० करून घेणं वेगळं. यूएईत परदेशी कामगारासाठी किमान पगाराचा आकडाच नाही. कतारनं मार्च २०२१ पासून सगळ्या देशांच्या लोकांना एकच किमान बेसिक ठरवला, १००० रियाल, आणि राहायची-जेवायची सोय मालकानं केली नाही तर वर ५०० आणि ३००, तसं शारजात काही नाही. त्यामुळं कंपनी म्हणणार की याच आकड्यावर तू स्वतः सही करून आलायस, आणि वरचा जास्त घेतो तो अनुभवामुळं, सर्टिफिकेटमुळं, इंग्लिशमुळं. हे कारण काही वेळा खरंही असतं बरं का, म्हणून तू पण आधी शांतपणे बघ की १८०० वाला खरंच तुझ्याच कामाचा आहे का चिलर प्लँट, म्हणजे सेंट्रल एसीचं मोठं यंत्र, एकटा सांभाळतो. असेल तर फरक कामाचा, नसेल तर पासपोर्टचा.

बेसिकमधला ६०० चा फरक हा महिन्याच्या ६०० वर थांबत नाही, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून जरा विस्तारानं लिहिते. तिथं ओव्हरटाइम म्हणजे ओटी आणि ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकवर काढतात, अलाउन्स धरत नाहीत. तुझा १२०० म्हणजे दिवसाला ४०, तासाला ५, त्यावर २५ टक्के जादा धरून ओटीचा तास ६.२५ दिरहम. रात्री १० ते पहाटे ४ मधल्या ओटीला ५० टक्के जादा असतात, पण शिफ्टची ड्युटी असेल तर रात्रीचा तो नियम लागत नाही. १८०० वाल्याचा साधा ओटीचा तास ९.३८ पडतो आणि नेपाळी पोराचा ४.६९. तिघं एकाच टेरेसवर, एकाच उन्हात, एकच डक्ट साफ करतायत, आणि त्या एका तासाचे एकाला दुसऱ्याच्या दुप्पट मिळतात. ग्रॅच्युइटी पहिल्या ५ वर्षांत वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकएवढी, म्हणजे तुझे वर्षाचे ८४०, त्याचे १२६०, नेपाळ्याचे ६३०. चार वर्षांचे धरले तर तुझ्यात आणि वरच्यात १६८० दिरहमचा फरक पडला, तुझ्या जवळजवळ दीड महिन्याच्या बेसिकएवढा. म्हणून कंपनी जेव्हा म्हणेल की फोरमन केलंय, ३०० अलाउन्स वाढवतो, तेव्हा खूश होऊन सही करू नकोस. बेसिक वाढवून मागायचा.

आता खरं दुखणं. तुझं पत्र मी परत परत वाचलं, त्यात वरच्या १८०० बद्दल राग आहे, चीड आहे, आणि खालच्या ९०० बद्दल फक्त आकडा आहे. तुला बोल लावायला हे लिहीत नाहीये, कर्ज असलेला माणूस आधी आपल्या वर बघतो, साहजिक आहे. पण ज्या शीटनं तुला फिलिपिनोच्या खाली बसवलं तिनंच तुला नेपाळ्याच्या वर बसवलंय, ती दोन शीट नाहीत, एकच आहे, आणि आता ती तुझ्या हातानं पुढं भरून घ्यायची आहे त्यांना. भरतीच्या कागदावर तू एकदा नेपाळी ९००, इंडियन १२०० असं लिहून सही केलीस की पासपोर्टवर रेट ठरवणं तुला मान्य आहे असं तूच लिहून दिलंस. उद्या तू बेसिक वाढवून मागायला गेलास तर मॅडम तोच कागद तुझ्यासमोर ठेवतील, आणि तुझ्याकडं उत्तर नसेल. म्हणून "नाही" म्हणायचंय ते त्या पोरांसाठी आणि तुझ्यासाठीही.

आणखी एक. ९०० ला तेच काम करणारी पोरं नीट शिकली, दोन उन्हाळे काढले, की कंपनी १२०० वाल्यांचं काँट्रॅक्ट रिन्यू कशाला करेल? तू फोरमन म्हणून त्यांना शिकवणार, आणि तुझ्याच गावाकडच्या पोरांच्या जागा त्यात जाणार. मग इंडियन पोरं नेपाळ्यांवर चिडणार, कॅम्पमध्ये भांडणं होणार, आणि ज्यानं दोन रेट लावले त्याचं नाव कुणी काढणार नाही. असं आपल्याकडं पण होतं, तासगाव-पलूसकडं द्राक्षाच्या छाटणीला बाहेरच्या राज्यातनं टोळी आली की स्थानिक मजूर त्या पोरांना शिव्या घालतात, कमी मजुरी लावणाऱ्या बागायतदाराला नाही. परराज्यातल्या मजुराला त्याच कामाची मजुरी स्थानिकापेक्षा कमी द्यायची नाही हे आपल्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात लिहिलं होतं, किती बागांत पाळलं गेलं ते तू गावचा आहेस, तुला माहीत आहे. मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण बाहेर राबायला जाणारी आपलीच घरं आणि घरी आलेल्या परक्याला कमी देणारीही आपलीच घरं.

बरं, आता करायचं काय.

ती शीट तुला चुकून दिसली, तिचा फोटो काढला असशील तर कुणालाही पाठवू नकोस, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही, गावच्या ग्रुपवर पण नाही. यूएईचा २०२१ चा सायबर कायदा कडक आहे, दुसऱ्याची खासगी माहिती फिरवणं, न सांगता बोलणं रेकॉर्ड करणं यात केस होते, आणि मग पगाराचा विषय बाजूला राहून तूच आरोपी होशील. मॅडमचा कॉल रेकॉर्ड करायचा विचार मनात असेल तर सोड. पोरांना गोळा करून काम बंद पाडायचं पण डोक्यात आणू नकोस, तिथं युनियन नाही, संपाला परवानगी नाही, आणि पहिलं तिकीट तुझं निघेल. तुझ्याकडं कायदेशीर मार्गानं जे येऊ शकतं तेवढंच धर, म्हणजे तुझं स्वतःचं काँट्रॅक्ट, तुझ्या पे-स्लिपा, बँकेतल्या नोंदी, ड्युटी चार्टमधले तुझे तास. काँट्रॅक्टची कॉपी कंपनीकडं मागायची गरज नाही, मनुष्यबळ मंत्रालयाच्या म्हणजे मोहरेच्या ॲपवर मिळते, तिथं तुझं पद काय लिहिलंय आणि बेसिक किती ते आधी बघ. सोबतच्या पोरांनी आपापला पगार स्वतःहून सांगितला तर ते त्यांचं त्यांनी सांगितलेलं आहे, शीट दाखवून विचारू नकोस.

मग एचआरला ईमेल कर. तोंडी नाही, ईमेल. त्यात फिलिपिनो हा शब्द नको, नेपाळी नको, शीट पाहिली हे तर नकोच. लिहायचं एवढंच, की मी चार वर्षं अमुक अमुक कामं करतोय, आता फोरमनची जबाबदारी देताय, तर या पदाचा ग्रेड आणि बेसिक काय आहे ते लेखी कळवा, आणि आधीच्या फोरमनचा जो ग्रेड होता तोच मला लागू करा, आणि सुधारित काँट्रॅक्ट मोहरेमध्ये नोंदवा. आधीचा फोरमन कुठल्या देशाचा होता हे तू विचारलंच नाहीस, तू पदाचा रेट विचारलास, आणि उत्तरात त्यांनी देशाचं नाव काढलं तर ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असेल.

भरतीचंही तसंच. सांग की मी ट्रेड टेस्ट घेतो, कोण गॅस भरतो, कोण वायरिंग करतो, कोण नुसता हेल्पर आहे ते मार्क देऊन लिहून देतो, पगार एचआरनं ठरवावा, आणि माझी सूचना विचाराल तर टेक्निशियनला एक रेट आणि हेल्परला एक रेट ठेवा. हे सभ्य भाषेत आहे, यात उद्धटपणा काही नाही, आणि कंपनीला सुद्धा यात फायदा दिसू शकतो कारण नाराज पोरं वर्षात दुसरीकडं जातात आणि कंपनीचा व्हिसाचा खर्च वाया जातो. तरी म्हणाले की नाही, तूच ९०० सांगून सही घे, तर मी म्हणेन ती फोरमनकी नाकार. टेक्निशियन म्हणून राहा. अवघड आहे मला कळतंय, पण यात मी मधला रस्ता देणार नाही. आणि कुठल्याही पोराचा पासपोर्ट गोळा करायचं काम आलं तर हात लावू नकोस, कामगाराची कागदपत्रं ठेवून घ्यायला वर सांगितलेल्या कामगार कायद्याच्या कलम १३ नं बंदी आहे. पोरांकडनं भरतीचे पैसे घ्यायलाही बंदी आहे, कलम ६, मग ते कुणी कमिशन म्हणो नाहीतर चहापाणी.

तक्रारीचं विचारलंस. मोहरेकडं तक्रार फुकट होते, आधी ते दोघांना बसवून १४ दिवसांत मिटवायला बघतात, ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं, आणि कोर्टात गेलं तरी १ लाखापर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. तक्रार केली म्हणून काढलं आणि ती तक्रार खरी निघाली तर ३ महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते, ग्रॅच्युइटी वेगळी. पण नुसतं "पासपोर्टवरनं कमी देतात" एवढ्यावर आत्ता तक्रार केलीस तर सिद्ध करायला तुझ्याकडं काही नाही, आणि ज्या शीटवर ती उभी राहील ती तू दाखवू शकत नाहीस. त्याउलट ओटीचे तास चुकीचे धरले असतील, कपात केली असेल, दोन तासांपेक्षा जास्त ओटी रोजची सवय झाली असेल, तर ते तुझ्या स्वतःच्या कागदांवर दिसतं आणि तिथं तक्रार टिकते. तुझ्या चार वर्षांच्या स्लिपा घेऊन एकदा बस आणि वर दिलेल्या हिशेबानं ताळा कर, मला वाटतं काहीतरी सापडेल. काही अडलं तर दुबईच्या आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री ८०० ४६३४२, कायद्याचा सल्लाही मिळतो. नेपाळी पोरांना सांग की त्यांचीही वकिलात आहे, आणि मोहरेची ऑफर लेटर नेपाळीतही मिळते, सही करायच्या आधी ती मागून घ्यायचा हक्क आहे त्यांना. एवढं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

सोडून यायचं म्हणशील तर आत्ता नाही. कर्ज डोक्यावर ठेवून रागात परत आलेली पोरं परत एजंटाच्या दारात उभी राहतात, आणि दुसऱ्या वेळी आणखी वाईट अटीवर जातात. राहून दुसरीकडं अर्ज कर, चार वर्षांचा अनुभव आहे, हातात लेखी ऑफर आली आणि तिच्यातला बेसिक आवडला की मग काँट्रॅक्टप्रमाणं नोटीस दे, ती ३० ते ९० दिवसांची असते. नवीन ठिकाणी आधीचा पगार विचारतील तेव्हा तिथंही पदाचा रेट विचारायचा.

चुलतभावाचं वेगळं आहे. तू दहावी पास म्हणून तुझ्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी मंजुरी, लागला नाही, त्याचा आठवीचा म्हणजे ती मंजुरी लागणारा ईसीआर पासपोर्ट येणार, आणि त्याला आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरनं क्लिअरन्स घेऊनच जायला पाहिजे. ही कटकट नाही, यातच त्याचं रक्षण आहे. एजंट नोंदणी झालेला आहे का ते पोर्टलवर दिसतं, त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, ते पण पावती देऊन. प्रवासी भारतीय विमा निघतो, २ वर्षांना २७५ आणि ३ वर्षांना ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. कुणी म्हटलं की आधी विझिट व्हिसावर ये, मग तिथं बदलू, तर स्पष्ट नाही म्हण, कारण त्यात हे सगळं बाजूला पडतं. आणि त्याला तुझ्याच हाताखाली, तुझ्याच ओळखीनं, १२०० वर घ्यायचा असेल तर शेजारच्या बेडवरच्या ९०० वाल्या नेपाळी पोराला तू काय सांगणार? त्याला घे, पण टेस्ट घेऊन, हेल्परचा जो एक रेट ठरेल त्याच रेटनं.

राहिली तुझी बायको. तिला घाबरट म्हणू नकोस, पतसंस्थेचा माणूस दारात येतो तेव्हा तिथं ती उभी असते, तू नाही. तिला फोनवर नुसतं "मी लढणार" असं सांगितलंस तर ती रात्रभर जागी राहील. हप्ता किती, शिल्लक किती, समजा फोरमनकी गेली तर महिन्याला किती कमी येतील, हे आकडे तिच्याबरोबर बसून मांड. टेक्निशियनच राहिलास तर आत्ता येतो तेवढा पगार येतच राहणार आहे, घरात काही कमी होणार नाही, वाढ मिळणार नाही एवढंच. हे कागदावर दिसलं की तिची भीती बरीच उतरेल असं मला वाटतं.

ईमेलचा मसुदा लिहिलास की पाठवायच्या आधी मला पाठव, कंपनीचं नाव आणि माणसांची नावं खोडून, मी वाचून लगेच कळवते. आणि काँट्रॅक्टवर तुझं पद टेक्निशियन लिहिलंय का हेल्पर ते आजच ॲपवर बघ, कारण तिथं हेल्पर असेल तर सगळ्यात आधी तेच दुरुस्त करून घ्यावं लागेल.

तुझी ताई